चार बोटं वर

जयवंती, तू गेलीस त्याला आज पंचवीस दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुझ्याबद्दल चांगलंच लिहिलं. 'हसतमुख व्यक्तिमत्त्व', 'सरावलीच्या घराघरांत पोचलेली ताई'. त्यातल्या निम्म्या बायका तुझ्या टोपलीत बोट खुपसून माशांचे कल्ले उघडून बघायच्या, आणि त्यांनी पाठ फिरवली की तू काय म्हणायचीस ते मला माहीत आहे. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मला जे म्हणायचंय ते हात जोडलेल्या चित्राखाली मावण्यासारखं नाही.

मला तुझ्यावर सूड उगवायचाय. उगवत होते, अर्धा उगवूनही झाला होता, आणि तू मध्येच घिवलीच्या किनाऱ्यावर भरलेली टोपली उचलायला वाकलीस ती उठलीच नाहीस. ही कुठली रीत झाली? भांडण अर्ध्यावर टाकून जाणारी बाई तू नव्हतीस. एका दारात घासाघीस सुरू झाली की पुढची चार दारं चुकली तरी चालायची, पण त्या गिऱ्हाइकाला तू सोडायची नाहीस. मला मात्र सोडलंस.

आपली सुरुवातच भांडणाने झाली होती. मी सोलापूरकडची. तारापूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली म्हणून सरावलीत राहायला आले. टाक्या, पाइप, बॉयलर यांची चित्रं काढायची हे माझं काम. मासा मी तोवर बाजारात लांबूनच पाहिलेला. पहिल्याच आठवड्यात तू दारात टोपली उतरवलीस आणि मी मोठ्या शहाणपणाने विचारलं, "ताजी आहे का?"

तू टोपलीवर ओलं फडकं ओढलंस. "बाय, घिवलीवरनं आलीय मी. होडीतनं टोपलीत, टोपलीतनं तुज्या दारात. आनि तू मला इचारतेस ताजी हाय का? जा, भाजी खा."

आणि खरंच गेलीस. तीन दिवस शेजारच्या दोन्ही दारांत आरोळी दिलीस, माझ्या दारात नाही. चौथ्या दिवशी मी तुला जिन्यात गाठलं. माफी मागितली नाही, दोन सरंगे मागितले. तू हसलीस, वर आलीस आणि ते कसे कापायचे हे माझ्या मोरीपाशी बसून दाखवलंस. कापता कापता तू सगळ्या कॉलनीच्या नकला केल्यास. नाकाला पदर लावून भाव करणारी, फक्त बघायला येणारी, फुकटची कोळंबी मागणारी. मी पोट धरून हसले, आणि हसता हसता हाताशी होता त्या कागदावर एक सरंगा काढला, कमरेवर पर ठेवून उभा राहिलेला. तो तू ओल्या हातात धरून बघितलास आणि म्हणालीस, "हा तर आमच्या मुकादमासारका उबा हाय. काम करायचं नाय, नुस्ता हुकूम. साहेब हाय साहेब."

आपली फिल्म तिथून सुरू झाली. बाई खरी म्हणजे तूच, टोपली खरी, दारं आणि गिऱ्हाइकं खरी, मासा तेवढा कार्टून. दर दारात गिऱ्हाइकाने त्याला उचललं की साहेब आपला जीव वाचवायला ओरडतो, "मला घेऊ नका हो, मी परवाचा आहे!" आणि मासेवालीची दिवसभर फजिती.

मी लिहिलं होतं तेव्हा तो मासा खरोखरच शिळा होता. मासेवाली लबाड, मासा सत्यवचनी. तू ते ऐकलंस आणि माझी वही बंद केलीस. "माज्या टोपलीतला मासा शिला? फिल्ममदे पन नाय." मी म्हटलं, अगं, गंमत आहे. तू म्हणालीस, "गंमत तुला. मासा ताजाच हाय. मराया नको म्हनून खोटं बोलतो. मंग मी त्याला ताजा ठरवाया मरते. हितं हसतील लोक." तू म्हणालीस तिथेच लोक हसले. तिथेच हसले हे मी तुझ्यासमोर कधी मान्य केलं नाही, आणि फिल्मच्या सुरुवातीच्या पाटीवर 'कथा' या शब्दापुढे माझं एकटीचं नाव घातलं. तू ते वाचलंस. काही बोलली नाहीस, म्हणून मीही बोलले नाही.

चार वर्षं आपले रविवार त्यात गेले. आमच्या कंपनीतला वेल्डर मिश्रा सुट्टीच्या दिवशी लग्नांचं शूटिंग करायचा, तो कॅमेरा धरायचा आणि दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "मॅडम, लाइट जा रहा है." साहेब जिथे असणार तिथे काहीच नसायचं, म्हणून मी हातभर काठीला जाळं तरंगत ठेवणारा नारिंगी बोया बांधून तुझ्यासमोर धरायची. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उकिडवी बसायची आणि साहेबाचे संवाद माझ्या आवाजात म्हणायची. तुला एवढंच करायचं होतं: बोयाकडे बघून बोलायचं. तेवढंच तुला जमलं नाही. शेवटपर्यंत नाही. प्रत्येक वेळी तुझी नजर बोयाच्या चार बोटं वर.

"खाली बघ, जयवंती. मासा खाली आहे."

"बगते ना."

"नाही बघत. तू हवेत बघतेस."

"मासलीकडं बगून कोन भाव करतं का, बाय?"

मी ते उत्तर नाही, उर्मटपणा समजले. मला वाटलं, हिच्या लेखी माझा मासा नाहीच. मी हाडाची काडं करून तो काढते आणि हिला त्याच्याकडे बघण्याएवढीही किंमत नाही. तुझी नजर खाली येईना म्हणून मला साहेबालाच वर न्यावं लागलं. प्रत्येक दृश्यात त्याला शेपटीवर उभा केला, टाचा उंचावून, मान ताणून. लोकांना तेच सगळ्यात आवडलं. पोरं गल्लीत तशी चालायला लागली. मी मात्र त्या प्रत्येक चित्राच्या वेळी तुला शिव्या दिल्या.

ती चित्रं कशी व्हायची ते तुला ठाऊक होतं. म्हणून तर तुझा गुन्हा मोठा. आमच्या ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा ट्रेसिंग कागदाचे रोल भंगारात निघाले आणि मी ते मागून आणले. लॅपटॉपवर तुझं एकेक चित्र थांबवायचं, पडद्यावर कागद धरायचा, साहेब काढायचा. एका सेकंदाला बारा साहेब. तू माझ्या शेजारी बसून कोळंबी सोलत ते बघितलं आहेस. माझं मनगट सुजलं तेव्हा तूच कसलंसं तेल आणून चोळलंस. आणि ऑफिसात मला साहेब लोक काय म्हणाले होते तेही मी तुलाच सांगितलं होतं. वीस वर्षं हाताने रेघ मारणाऱ्या बाईला ते म्हणाले, आता एक बटण दाबलं की ड्रॉइंग बाहेर येतं, मॅडम, तुम्ही आता फायली लावत जा. त्या दिवशी मी तुझ्यासमोर रडले होते.

तुझ्या घिवलीत फिल्मचा पहिला खेळ झाला. देवळापुढच्या पटांगणात पांढरा कपडा, मागे समुद्र, अख्खं गाव हजर. लोक गडाबडा लोळले. खेळ संपल्यावर कुणीतरी तुझ्या हातात माइक दिला आणि विचारलं, मासा कसा काय केला हो? मी पहिल्या रांगेत बसले होते, बोटांना शाई. मला वाटलं, आता हात करशील, उभं राहायला सांगशील.

तू म्हणालीस, "साहेब व्हय? त्याचं काय, मोबाईलमदे व्हतो. एक बटन दाबलं का झाला तयार."

टाळ्या पडल्या. टमटमपर्यंत तू मला सोडायला आलीस. तू विचारलंस, काय झालं? मी सांगितलं. तू म्हणालीस, "लोकांना हसवाया बोलले गं. तू कशाला मनाला लावून घेतेस?" जगातल्या सगळ्या शब्दांतून तुला तेच दोन मिळाले, जयवंती. बटण आणि दाबलं. ते मी तुलाच विश्वासाने सांगितले होते.

मग मी ठरवलं. तीन आठवड्यांनी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये खेळ होता. समोर तुझी सगळी गिऱ्हाइकं, ज्यांच्या दारात तू ताठ मानेने टोपली उतरवायचीस त्या बायका. शेवटचं दृश्य दीड मिनिटाचं. तू साहेबाला समुद्रात सोडायला आणतेस आणि तो जायला तयार नसतो. त्या दीड मिनिटातून मी साहेबाला काढून टाकलं, चित्र आणि आवाज दोन्ही. बटण दाबून होतो ना मासा? मग बघू दे लोकांना, बटण न दाबल्यावर काय दिसतं.

दिसलं ते असं: एक कोळीण ओल्या वाळूत बसून रिकाम्या हवेशी बोलतेय. हवेला हातवारे करतेय, हवेवर चिडतेय. लोक आधी हसले. मग थांबले. कुणीतरी मागून म्हणालं, बाईला काय झालं? मी अंधारात तुझ्याकडे बघत होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

तू उठलीस. पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवलेस, टाचा उंचावल्यास आणि साहेबाचे संवाद म्हणायला लागलीस. एकही शब्द चुकली नाहीस. आणि आवाज माझा! माझं सोलापुरी हेल काढणं, माझं नाकात बोलणं, वाक्य संपवताना माझं ते चष्मा वर सरकवणं. "मी न्हाई जाणार. मला तुझी सवय झालीया." तू म्हटलंस माझ्या आवाजात, माझ्या सगळ्या शेजाऱ्यांसमोर. हॉल कोसळायचा बाकी राहिला. साहेब असताना मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या साहेब नसताना मिळाल्या, आणि जाताना बायका मला सांगून गेल्या, शेवटची आयडिया काय मस्त काढलीत हो.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या दृश्याचे सगळे कागद रद्दीत घातले. फाईल पुसली. परत काढायची वेळ आली तरी काढणार नाही अशी शपथ घातली स्वतःला. आणि तू दुसऱ्या दिवसापासून माझं दार वगळलंस. चौदा महिने. डावीकडच्या दारात आरोळी, उजवीकडच्या दारात आरोळी, मधे माझ्या दारासमोर फक्त तुझ्या बांगड्या वाजायच्या. मी बोईसरच्या बाजारातून बर्फातला मासा आणायची आणि तो शिजताना मला कळायचं की तो परवाचा आहे. पहिल्या वेळी मी चौथ्या दिवशी जिन्यात आले होते. या वेळी रोज तुझी पावलं ऐकून दाराच्या कडीवर हात ठेवायची आणि म्हणायची, उद्या. आज ती आधी वळून बघते का बघू.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी घिवलीला आले होते. तुझ्या दारापर्यंत नाही आले. वीज केंद्राकडून येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर उभी राहिले, बायकांचा आवाज ऐकला आणि परत फिरले. कुठल्या तोंडाने येणार होते?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी लेक रसिका आली. तुझी टोपली आता तिच्या डोक्यावर आहे हे मला माहीत नव्हतं. तिने ती माझ्या दारात उतरवली, चौदा महिन्यांनी पहिल्यांदा त्या फरशीवर ओला गोल उमटला. ती म्हणाली, "मावशी, आयचा महिना भरतोय त्या रविवारी गावात फिल्म लावायची हाय. तेवडा शेवटला साहेब परत घाला. आय एकटीच बोलताना दिसते, ते मला नाय बगवत."

मी हो म्हटलं. तुझ्यासाठी नव्हे, गैरसमज नको. मी हो म्हटलं कारण माझ्या लक्षात आलं की आता तू उठून पडद्याशी येऊ शकत नाहीस. दीड मिनिट, एक हजार ऐंशी चित्रं, आणि त्यातल्या प्रत्येकात तू गप्प बसून माझ्या हातात. मी रजा टाकली. पहिल्या दिवशी मी काय काय ठरवलं सांगू? साहेब तुझ्या नाकाचा चावा घेईल. शेपटीने थोबाडीत देईल. तुझ्या डोक्यावर टोपली पालथी घालून तिच्यावर नाचेल, आणि अख्ख्या घिवलीसमोर म्हणेल, शिळी मासळी नाही, शिळी ही बाई आहे! दोन दिवस मी तेच काढत बसले होते आणि एकटीच हसत होते. तुला कळलं असतं तर तू मला कोयतीच दाखवली असतीस.

तिसऱ्या दिवशी दुपारी रसिका फेरी संपवून आली. माझ्या खांद्यावरून लॅपटॉपकडे बघत उभी राहिली. मी तिला सवयीने म्हटलं, "बघ तुझी आई. शेवटच्या दृश्यातसुद्धा नजर चार बोटं वर. चार वर्षं सांगून थकले."

ती म्हणाली, "मावशी, तुमी काठी धरून कुटं बसायचा?"

मी पडद्याच्या कडेवर बोट ठेवलं. इथे, बोयाच्या मागे, चौकटीबाहेर.

"मंग आय तुमच्याकडंच बगते," रसिका म्हणाली. "आमाला ल्हानपनापास्नं शिकवलंय तिनं. बोलनं चालू असताना मासलीकडं नाय बगायचं, मासलीकडं बगितलं का भाव पडला. समोरच्याच्या तोंडाकडं बगायचं."

मी सगळी फिल्म पहिल्यापासून लावली, जयवंती. रसिका शेजारी बसली होती. प्रत्येक दारात, प्रत्येक भांडणात, प्रत्येक 'ताजा हाय गं बाय'ला तू साहेबाकडे नाही, हवेत नाही, माझ्याकडे बघत होतीस. माझा चेहरा बोयाच्या बरोबर चार बोटं वर होता. तुझ्या पुढ्यात कधी मासा नव्हताच, तुझ्या पुढ्यात मी होते. चार वर्षं तू मला हसवायला बघत होतीस आणि मी हसले की तुझ्या डोळ्यांत ते दिसतं. थांबवून थांबवून बघितलं, दिसतं.

मला किती राग आला असेल! ही गोष्ट एका वाक्यात सांगता आली नसती का तुला? 'बाय, मी तुज्याकडं बगते.' संपलं असतं. त्याऐवजी मला कोड्यात उत्तर दिलंस आणि माझा मासा आयुष्यभर शेपटीवर उभा राहिला. बटणाचं मी तुला माफ केलेलं नाही. पण माझं नाव एकटीचं घातलेलं तू शेवटपर्यंत पोटात ठेवलंस, आणि मी तुला भर हॉलमध्ये हवेशी बोलायला लावलं. बेरीज माझ्याकडेच जड होते, आणि ती करायला मला एकटीला ठेवून तू गेलीस. याचा सूड तर मी घेणारच.

म्हणून मी पहिली दोन दिवसांची चित्रं बाजूला ठेवली आणि नवीन काढली. काल पूर्ण झाली. ऐक काय केलंय ते. पाटी बदलली, कथेपुढे आधी तुझं नाव आहे. आणि शेवटच्या दृश्यात साहेब पहिल्यांदाच शेपटीवर उभा नाही. जिथे बोया होता तिथेच पाण्यावर आहे, सरळसाधा मासा. कमरेवरचे पर खाली घेतो, बुडी मारतो आणि जातो. तुझी नजर त्याच्या मागे जात नाही, ती चार बोटं वरच राहते. मग चौकटीच्या कडेवरून एक कार्टून बाई आत डोकावते. चष्मा, ओलं पातळ, हातात काठी. नाक मी जरा मोठंच काढलंय, तुला आवडेल तसं. तू बरोबर तिच्या डोळ्यांत बघतेस.

तिचे ओठ हलतात. बारा बारा चित्रांनी मी ते ओठ हलवलेत आणि ते म्हणतात, 'चुकलं माझं.' जिन्यातसुद्धा जे म्हटलं नव्हतं ते. मग तू पदराने नाक पुसतेस आणि म्हणतेस ते वाक्य जे मी लिहिलेलं नव्हतं, तू शूटिंगच्या ऐन वेळी तुझ्या मनाने म्हणाली होतीस, "जा. तुला विकायची माजी ऐपत नाय." आणि हसतेस.

फक्त त्या बाईला मी आवाज दिलेला नाही. ओठ हलतात, आवाज येत नाही. मिश्रा म्हणाला, मॅडम, आवाज छूट गया. मी म्हटलं, सुटला नाही, ठेवला आहे. माझा आवाज तू मला न विचारता चारचौघांत काढला होतास ना? मग आता निस्तर. रविवारी दिवे लागले की देवळापुढे खेळ आहे, अख्खं गाव असेल, या वेळी माझी कॉलनीही आणतेय. त्या जागी शांतता येईल तेव्हा पडद्याच्या कडेला ये, कमरेवर हात ठेव आणि माझ्या आवाजात म्हण. मी पहिल्या रांगेत आहे. नाही आलीस, तर रिकाम्या हवेकडे बघत बसलेली या वेळी मी असेन, आणि सगळ्यांना दिसेल की आली नाहीस ती तू.